गोळा कुणाकडे होता?

आमचे अण्णा रेल्वेत स्टेशन मास्तर होते. दौंड-मनमाड मार्गावरच्या छोट्या छोट्या स्टेशनांवर त्यांची उमेदीची वर्षं गेली. तेव्हा तो एकेरी मार्ग होता. जाणाऱ्या आणि येणाऱ्या गाड्या एकाच रुळावरून. अशा ठिकाणी दोन स्टेशनांमधल्या टप्प्यात एका वेळी एकच गाडी असली पाहिजे, आणि हे कुणाच्या स्मरणशक्तीवर किंवा शब्दावर सोडून चालत नाही. म्हणून मास्तरांच्या खोलीत एक जाडजूड लोखंडी यंत्र असायचं. त्यातून मुठीत मावेल एवढा पोलादी गोळा निघायचा. पलीकडच्या स्टेशनच्या मास्तरांनी त्यांच्या यंत्रावरून संमती दिल्याशिवाय तो निघायचा नाही, आणि एक गोळा बाहेर असेपर्यंत दोन्हीकडच्या कुठल्याच यंत्रातून दुसरा निघायचा नाही. हा गोळा पिशवीत घालून, मोठ्या कडीला अडकवून ड्रायव्हरच्या हातात दिला जाई. हातात गोळा नसेल तर ड्रायव्हर पुढच्या टप्प्यात गाडी घालणार नाही. लहानपणी ती कडी उचलून धरणाऱ्या पॉइंट्समनचा मला फार हेवा वाटायचा.

१२ नोव्हेंबर १९९६ ची संध्याकाळ. दिवाळी चालू होती. दिल्लीच्या पश्चिमेला सुमारे शंभर किलोमीटरवर, हरियाणातल्या चरखी दादरी या गावाजवळ, दोन मोठी विमानं आकाशात एकमेकांवर आदळली. एक सौदी अरेबियन एअरलाइन्सचं बोइंग ७४७, दुसरं कझाकस्तान एअरलाइन्सचं इल्युशिन ७६. दोन्ही मिळून ३४९ माणसं होती. कुणीही वाचलं नाही. हवेत झालेल्या टकरींमध्ये एवढे बळी त्याआधी कधी गेले नव्हते आणि त्यानंतरही गेलेले नाहीत. दुसऱ्या दिवशी आकाशवाणीवर बातमी ऐकताना अण्णांनी, तेव्हा ते निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, हातातला चहाचा कप खाली ठेवला आणि विचारलं, “गोळा कुणाकडे होता?”

मी पंचविशीत होतो. हसलो. म्हणालो, “अण्णा, विमानाला कसला आलाय गोळा?”

ते काही बोलले नाहीत. पण तो प्रश्न माझ्या डोक्यात राहिला. मी वैमानिक नाही, अभियंताही नाही. वाणिज्य शाखेचा पदवीधर, एका सहकारी बँकेत नोकरी केली. पण गेली वीस-बावीस वर्षं शब्दकोश शेजारी ठेवून विमान अपघातांचे चौकशी अहवाल वाचतो आहे. घरच्यांना हा छंद अभद्र वाटतो. माझ्यापुरतं सांगायचं, तर मी अण्णांच्या प्रश्नाचं उत्तर शोधत होतो.

आधी त्या संध्याकाळी काय झालं ते सांगतो. सौदीचं विमान सायंकाळी साडेसहाच्या सुमारास दिल्लीहून निघालं. त्यात ३१२ जण होते. बहुतेक प्रवासी भारतीय, त्यातले पुष्कळसे आखातात रोजगारासाठी निघालेले. नेपाळचेही काही होते. समोरून कझाकस्तानातल्या शिमकेंत गावाहून दुसरं विमान दिल्लीत उतरायला येत होतं. त्यात ३७ जण. इल्युशिन ७६ मूळचं मालवाहू जातीचं विमान, पण सोव्हिएत संघ फुटल्यानंतरच्या त्या दिवसांत अशी विमानं भाड्याने घेऊन मध्य आशियातले छोटे व्यापारी दिल्लीला खरेदीला येत. तसलंच हे उड्डाण.

दिल्लीच्या नियंत्रकाने कझाक विमानाला १५,००० फुटांपर्यंत उतरायला सांगितलं. सौदीच्या विमानाला १४,००० फुटांपर्यंत चढायची परवानगी दिली आणि पुढच्या परवानगीसाठी तिथेच थांबायला सांगितलं. दोघांच्या मध्ये हजार फुटांचा फरक. नियमाला धरून, अगदी रोजच्यासारखा. कझाक विमानाने आपण १५,००० वर पोचल्याचं कळवलं. नियंत्रकाने त्यांना सावध केलं: समोरून सौदीचं ७४७ येतं आहे, चौदा मैलांवर, १४,००० च्या पातळीवर, दिसलं तर कळवा. पाहतो आहोत, असं उत्तर आलं. हे मैल सागरी, म्हणजे सुमारे सव्वीस किलोमीटर. दोन विमानं समोरासमोर येत असतील तर मधलं अंतर सेकंदाला तीनशे मीटरहून जास्त वेगाने तुटत जातं. अंतर संपायला दीड मिनिटसुद्धा नव्हतं.

कझाक विमान १५,००० वर थांबलेलंच नव्हतं. ते उतरतच राहिलं होतं. आधी साडेचौदा हजार, मग चौदा हजार, मग त्याहूनही थोडं खाली. ही गोष्ट त्या विमानात पहिल्यांदा लक्षात आली ती रेडिओ ऑपरेटरच्या. सोव्हिएत पद्धतीच्या त्या चालक दलात जमिनीशी बोलणारा माणूस वेगळा होता. उंची दाखवणारं उपकरण त्याच्या स्वतःच्या पुढ्यात नव्हतं. वैमानिकांच्या खांद्यावरून डोकावून त्याला ते बघावं लागे. जो आकडा जमिनीवर कळवायचा, तो कळवणाऱ्याच्याच डोळ्यांसमोर नाही! त्याने ओरडून सांगितलं, वर घ्या. वैमानिकांनी जोर देऊन विमान वर खेचलं. आणि चढणाऱ्या त्या विमानाचं शेपूट सौदीच्या विमानाच्या डाव्या पंखाला कापत गेलं. ते खेचलं नसतं, तर बहुधा ते खालून निघून गेलं असतं. अहवालाचा हा भाग मी पहिल्यांदा वाचला, तेव्हा पुस्तक मिटून बाहेर फेऱ्या मारत बसलो होतो.

नियंत्रकाच्या पडद्यावर दोन ठिपके जवळ आले, एक झाले आणि नाहीसे झाले. तो हाका मारत राहिला. त्याच वेळी दिल्लीकडे येत असलेल्या अमेरिकन हवाई दलाच्या एका मालवाहू विमानाच्या चालकांनी ढगात केशरी उजेड पाहिला आणि तसं कळवलं. सौदीचं विमान तेव्हाच्या भिवानी जिल्ह्यातल्या ढाणी गावाजवळ पडलं, दुसरं बिरोहर गावाच्या शिवारात. अंधारात तिथे सगळ्यांत आधी पोचले ते आसपासचे शेतकरी.

आता प्रश्न असा की रोजच्या रोज शेकडो विमानं येणाऱ्या-जाणाऱ्या विमानतळाजवळ टक्कर होऊ नये म्हणून आकाशात असतं तरी काय? रूळ नाही, सिग्नल नाही, आणि मुख्य म्हणजे विमान थांबत नाही. गाडी होम सिग्नलबाहेर तासभर उभी करता येते. विमान फार तर घिरट्या घालत ठेवता येतं, आणि तेही इंधन असेपर्यंत. म्हणून आकाशात विमानं एकमेकांपासून दूर ठेवण्याचे तीनच मार्ग उरतात. अंतर, वेळ आणि उंची. विमानतळाजवळ पहिल्या दोन गोष्टी आखडत जातात, कारण सगळ्यांना एकाच धावपट्टीकडे यायचं असतं. मग भिस्त राहते ती उंचीवर.

उंचीची गंमत अशी की विमानातलं हे उपकरण उंची मोजतच नाही. ते हवेचा दाब मोजतं आणि त्यावरून उंचीचा आकडा दाखवतं. दाब तर गावागणिक, तासागणिक बदलतो. म्हणून ठरावीक उंचीच्या वर गेल्यावर सर्व विमानांनी आपापली उपकरणं एकाच प्रमाण दाबावर, १०१३ हेक्टोपास्कलवर लावायची असा जगभर नियम आहे. त्यामुळे खरी उंची चुकली तरी सगळ्यांची सारखीच चुकते आणि मधलं अंतर शाबूत राहतं. मला ही कल्पना फार आवडते. खोटं बोलायचं, पण सर्वांनी मिळून एकच खोटं बोलायचं.

म्हणजे अण्णांच्या प्रश्नाचं पहिलं उत्तर हे, की आकाशातला गोळा म्हणजे उंचीचा आकडा. पंधरा हजार एकाला दिले, चौदा हजार दुसऱ्याला. पण पोलादी गोळ्यात आणि या आकड्यात एक फरक आहे. गोळा हातात असतो किंवा नसतो, आणि तो बाहेर असताना दुसरा द्यायला यंत्रच नकार देतं. आकडा हा नुसता बोललेला शब्द. तो नीट ऐकला गेला का, ऐकला तर पाळला गेला का, हे जमिनीवरच्या माणसाला दिसायला हवं. १९९६ च्या दिल्लीत ते दिसत नव्हतं.

याचं कारण रडार. साधं, म्हणजे प्राथमिक रडार लहरी सोडतं, त्या विमानावर आपटून परत येतात, आणि विमान कुठल्या दिशेला किती लांब आहे ते कळतं. किती उंचावर आहे ते कळत नाही. दुसऱ्या प्रकारचं, दुय्यम रडार विमानाला प्रश्न विचारतं. विमानातला ट्रान्सपाँडर त्याला आपोआप उत्तर देतो: मी अमुक, माझी उंची तमुक. हा आकडा पडद्यावर ठिपक्याशेजारी उमटतो आणि तो कुणाच्या तोंडून आलेला नसतो. दिल्लीला हे रडार यायचं होतं, आधुनिकीकरणाचं काम चालू होतं. पण त्या संध्याकाळी नियंत्रकाच्या हाताशी ते नव्हतं. त्याला दिसत होते समोरासमोर येणारे दोन ठिपके, आणि असे ठिपके तर तो रोज पाहत होता. ते एकमेकांच्या वरून-खालून जाणार आहेत, यावर त्याला विश्वास ठेवावा लागत होता.

रोज असे ठिपके समोरासमोर का येत होते, याचं उत्तर जास्त महत्त्वाचं आहे आणि त्याची चर्चा सगळ्यांत कमी झाली. दिल्लीभोवतीच्या आकाशाचा मोठा भाग हवाई दलासाठी राखीव होता. नागरी विमानांना त्या बाजूला जाण्यायेण्यासाठी मिळाला होता एकच अरुंद पट्टा. निघणारी विमानं त्यातूनच जाणार, उतरणारी त्यातूनच येणार. अण्णांच्या भाषेत सांगायचं, तर एकेरी मार्ग. आणि हे अशा काळात, जेव्हा १९९४ मध्ये सरकारी कंपन्यांची मक्तेदारी कायद्याने संपली होती, खासगी कंपन्यांची विमानं उडू लागली होती आणि राजधानीकडे येणारी परदेशी उड्डाणंही वाढत होती. गाड्या वाढल्या, मार्ग एकेरीच राहिला.

लष्कर आणि नागरी विमानसेवा यांनी एक आकाश वाटून घेणं आपल्याला नवीन नाही. पुण्याचं लोहगाव हवाई दलाचं, गोव्याचं दाबोळी नौदलाचं. तिथे लग्नाला नाहीतर सुट्टीला जाणारी माणसं लष्करी धावपट्टीवरच उतरतात. अशी वाटणी चुकीचीच असते असं मी म्हणणार नाही. देशाच्या सीमा आहेत, शेजारी आहेत. पण ती वाटणी एकदा झाली की नकाशावर दगडासारखी बसते, आणि वाहतूक दुप्पट-तिप्पट झाली तरी तो दगड हलवायला कुणीतरी मरावं लागतं, असं दिसतं.

अपघाताच्या चौकशीसाठी न्यायमूर्ती आर. सी. लाहोटी यांचा आयोग नेमला गेला. लाहोटी पुढे देशाचे सरन्यायाधीश झाले. विमानांतले ध्वनिमुद्रक आणि नोंदयंत्रं इंग्लंडमधल्या फार्नबरो इथे आणि मॉस्कोत उलगडली गेली. ढगातल्या खळबळीने आपलं विमान खाली ओढलं गेलं, अशी बाजू कझाकस्तानकडून मांडली गेली. आयोगाने ती मानली नाही. नेमून दिलेली १५,००० फुटांची पातळी सोडून परवानगीशिवाय खाली उतरणं, हे टकरीचं मूळ कारण म्हणून नोंदलं गेलं. चालक दलाचं इंग्रजी तोकडं होतं, त्यांच्यात आपसांत ताळमेळ नव्हता, हेही नोंदलं गेलं. निष्कर्ष चूक आहे असं म्हणायला मला जागा सापडत नाही. ज्यांनी पातळी मोडली, त्यांनी ती मोडलीच.

पण लोकांच्या लक्षात काय राहिलं? ‘त्यांना इंग्रजी येत नव्हतं.’ आजही कुठे हा विषय निघाला की पहिलं वाक्य हेच ऐकू येतं, आणि ते ऐकणाऱ्याला एक प्रकारचं समाधान देतं. दोष परक्याचा आणि तो परक्याबरोबर संपला. आकडे फुटांत दिले जात होते आणि सोव्हिएत परंपरेतल्या वैमानिकांचा सगळा जन्म मीटरमध्ये गेला होता, हेसुद्धा कुणी फारसं सांगत नाही. पंधरा हजार फूट म्हणजे सुमारे ४,५७० मीटर. डोक्यात रूपांतर करत विमान उतरवणं कसं असेल, याची कल्पना करायची तर आठवावा आपल्याकडचा मण-शेरांतून किलोत आलेला दुकानदार. पण निदान त्याच्या तराजूवर ३४९ माणसं नव्हती.

भाषेचं कारण पुरेसं नाही असं मला वाटतं, त्याला आधार आहे वीस वर्षं आधीचा. १० सप्टेंबर १९७६ ला युगोस्लाव्हियातल्या झाग्रेबच्या आकाशात ब्रिटिश एअरवेजचं ट्रायडेंट आणि युगोस्लाव्ह कंपनीचं डीसी-९ यांची टक्कर झाली. १७६ बळी. झाग्रेब तेव्हा युरोपातल्या सर्वांत गजबजलेल्या हवाई चौकांपैकी एक होतं आणि नियंत्रण कक्षात माणसं कमी होती. शेवटच्या क्षणी धोका लक्षात आल्यावर नियंत्रकाने इंग्रजी सोडलं आणि चढत असलेल्या डीसी-९ ला आपल्या मातृभाषेत सांगितलं की आहात त्याच उंचीवर थांबा. वैमानिकांना ते तत्काळ समजलं. त्यांनी ते पाळलंही. आणि ते थांबले ते नेमके ३३,००० फुटांवर, जिथे ट्रायडेंट होतं. शब्द अचूक पोचला होता, ट्रायडेंट कुठल्या उंचीवर आहे तेवढं नियंत्रकाला बरोबर कळलं नव्हतं. ग्रादिमिर तासिच या त्या तरुण नियंत्रकाला सात वर्षांची शिक्षा झाली. सहकाऱ्यांनी जगभरातून आवाज उठवल्यावर दोनेक वर्षांनी तो सुटला. कक्षात माणसं कमी ठेवणाऱ्या व्यवस्थेला सात वर्षांची शिक्षा कशी देणार? तिला बसवायला कोठडीच नाही.

हा आकडा जमिनीला दिसावा, ही धडपड तशी जुनी. विमानांची वाहतूक सांभाळणं सुरू झालं तेव्हा रडार नव्हतंच. १९३५ च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या नेवार्क इथे विमान कंपन्यांनीच पुढाकार घेऊन पहिलं मार्ग-नियंत्रण केंद्र काढलं. टेबलावर नकाशा, भिंतीवर फळा आणि विमानांच्या जागी हाताने सरकवायचे तुकडे. पुढच्या वर्षी सरकारने ते ताब्यात घेतलं. पण बाकीच्या आकाशात ‘बघा आणि चुकवा’ हाच कायदा होता. समोर विमान दिसलं तर बाजूला व्हा. बैलगाडीला ठीक आहे. ३० जून १९५६ ला लॉस एंजेलिसहून काही मिनिटांच्या अंतराने निघालेली दोन विमानं ग्रँड कॅन्यनवर, २१,००० फुटांवर एकमेकांवर आदळली. १२८ माणसं गेली. त्या पट्ट्यात कुणाचंच नियंत्रण नव्हतं. दोन वर्षांनी अमेरिकेने नवा हवाई कायदा केला आणि सगळं आकाश एका संस्थेच्या हाती दिलं. १६ डिसेंबर १९६० ला न्यूयॉर्कवर टक्कर झाली, विमानतळांच्या ऐन दाटीत. एक विमान ठरलेला थांबा ओलांडून जास्तच वेगाने पुढे आलं होतं. १३४ बळी, त्यातले सहा जमिनीवरचे. १०,००० फुटांच्या खाली २५० नॉटहून जास्त वेगाने जायचं नाही, हा नियम त्या काळातला. आपण उतरताना विमान एका टप्प्यावर आळसावल्यासारखं होतं, ते यासाठी.

पण आमच्या गोष्टीशी थेट नातं सांगतो तो सेरिटोसचा अपघात. ३१ ऑगस्ट १९८६, लॉस एंजेलिसजवळ. एरोमेक्सिकोचं डीसी-९ उतरायला येत होतं. एक छोटं खासगी पायपर विमान परवानगीशिवाय विमानतळाच्या राखीव हवाई क्षेत्रात शिरलं होतं. दोघांची टक्कर झाली आणि डीसी-९ वस्तीवर कोसळलं. ८२ बळी, त्यातले १५ आपापल्या घरांत होते. पायपरमध्ये ट्रान्सपाँडर होता, पण उंची कळवणारा नव्हता. लॉस एंजेलिसला दुय्यम रडार होतं, सगळं होतं. नव्हता फक्त तो एक आकडा. दिल्लीच्या दहा वर्षं आधी!

यानंतर अमेरिकी संसदेने जे केलं ते मला अण्णांच्या यंत्राच्या सगळ्यांत जवळचं वाटतं. त्यांनी जमिनीवरच्या माणसाला मधून बाजूला काढलं. दोन विमानांनी आपसांतच एकमेकांची उंची विचारावी आणि गरज पडली तर वैमानिकांना आज्ञा द्यावी, असं यंत्र प्रवासी विमानांत सक्तीचं केलं. त्याचं नाव टीकॅस. यामागचा विचार १९५० च्या दशकातला, बेंडिक्स कंपनीतल्या मोरेल नावाच्या शास्त्रज्ञाचा. त्याने म्हटलं, दोन विमानांत किती अंतर आहे हे पाहू नका, टकरीला किती सेकंद उरले आहेत ते पाहा. कासवांना शंभर मीटर पुष्कळ, जेट विमानांना एक मैलही कमी. टीकॅस आधी नुसतं सावध करतं. मग साधारण पंधरा ते पस्तीस सेकंद उरले असताना एकाला म्हणतं चढ आणि त्याच क्षणी दुसऱ्याला म्हणतं उतर. दोघांच्या यंत्रांनी आपसांत ठरवून घेतलेलं असतं. दोघांनाही चढायची आज्ञा मिळणार नाही. एका वेळी एकच गोळा.

अमेरिकेत १९९३ च्या अखेरीस हे सगळ्या मोठ्या प्रवासी विमानांत बसलं होतं. चरखी दादरीवर भेटलेल्या त्या दोन विमानांत ते नव्हतं.

लाहोटी आयोगाच्या शिफारशी वाचताना त्यामुळे विचित्र वाटतं. येणाऱ्या आणि जाणाऱ्या विमानांचे मार्ग वेगळे करा. दुय्यम रडार सुरू करा. हवाई दलाच्या राखीव आकाशातला काही भाग नागरी वाहतुकीला द्या. टक्कर टाळणारं यंत्र सक्तीचं करा. चारही गोष्टी चालक दलाच्या इंग्रजीशी संबंध नसलेल्या. अहवाल दोष एका जागी ठेवतो आणि उपाय चार वेगळ्या जागी सुचवतो. अहवाल लिहिणाऱ्यांना दुखणं कुठे आहे ते नक्की दिसलं होतं. भारताने आपल्या आकाशात येणाऱ्या मोठ्या विमानांना हे यंत्र बंधनकारक केलं. युरोपने २००० पासून केलं, आणि आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेचा जागतिक नियम २००३ पासून लागू झाला. इंग्रजीचीही परीक्षा आली. १९९८ च्या ठरावापासून सुरू झालेलं ते काम २००८ मध्ये सक्तीचं झालं. वैमानिकांना आणि नियंत्रकांना सहापैकी निदान चौथी पायरी गाठावी लागते. ते चांगलंच झालं. त्यालाच सगळं श्रेय देऊ नये, एवढंच.

मी एकदा हे सगळं अण्णांना सांगितलं होतं. तोवर ते फार थकले होते, पण रेल्वेचा विषय निघाला की ताठ बसत. टीकॅसचं ऐकून त्यांनी एकच शंका काढली. “गोळा एक म्हणाला आणि मास्तर दुसरं म्हणाला, तर ड्रायव्हरने कुणाचं ऐकायचं?” रेल्वेत याचं उत्तर लिहिलेलं असतं. विमानांच्या जगात ते स्पष्ट लिहिलेलं नव्हतं, आणि त्याची किंमत १ जुलै २००२ च्या रात्री मोजली गेली.

जर्मनीतल्या युबरलिंगेन गावावर रशियाचं तुपोलेव्ह विमान आणि डीएचएलचं मालवाहू बोइंग ७५७ एकाच उंचीवर एकमेकांकडे येत होते. नियंत्रण स्वित्झर्लंडमधून होत होतं. रात्रपाळीला एकच नियंत्रक दोन जागा सांभाळत होता, दुरुस्तीमुळे काही यंत्रणा आणि दूरध्वनी बंद होते. त्याच्या उशिरा लक्षात आलं आणि त्याने तुपोलेव्हला उतरायला सांगितलं. पुढच्याच क्षणी टीकॅसने त्याच तुपोलेव्हला चढायला सांगितलं आणि बोइंगला उतरायला. बोइंगने यंत्राचं ऐकलं. तुपोलेव्हने माणसाचं ऐकलं. दोघेही उतरत गेले आणि एकमेकांना जाऊन भिडले. ७१ जण, त्यातली बहुतेक सहलीला निघालेली बाश्कोर्तोस्तानची शाळकरी मुलं. पुढे पीटर नील्सन या त्या नियंत्रकाचा, बायको-मुलं गमावलेल्या एका बापाने त्याच्या घरासमोर खून केला. दोष ठेवायला एकच माणूस हवा असतो, या हट्टाचं याहून भयंकर टोक मला माहीत नाही.

आणि ही टक्कर काही पहिला इशारा नव्हता. त्याच्या दीड वर्ष आधी, ३१ जानेवारी २००१ ला, जपान एअरलाइन्सची दोन विमानं अगदी असंच घडून जवळजवळ भिडली होती. दोन्हींत मिळून ६७७ माणसं होती. एका वैमानिकाने नियंत्रकाचं ऐकलं, दुसऱ्याने यंत्राचं. शेवटच्या क्षणी एकाने विमान दाबलं म्हणून निभावलं. पुष्कळ प्रवासी जखमी झाले. ती चौकशी झाली, पण जगभर नियम बदलायला युबरलिंगेनची वाट पाहावी लागली. आता नियम निःसंदिग्ध आहे: यंत्र आणि माणूस वेगळं बोलले, तर यंत्राचं ऐकायचं. अण्णांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “मग आधी काय होतं?” मी म्हणालो, आधी ज्याच्या त्याच्यावर सोडलं होतं. त्यांनी मान हलवली आणि पानाचा डबा पुढे ओढला.

अण्णा गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. मागच्या वर्षी जानेवारीअखेर मला त्यांची फार आठवण झाली. नेमकं सांगायचं तर २९ जानेवारी २०२५ ला वॉशिंग्टनच्या रीगन विमानतळावर उतरणारं एक छोटं जेट आणि अमेरिकी लष्कराचं ब्लॅक हॉक हेलिकॉप्टर यांची पोटोमॅक नदीवर टक्कर झाली. ६७ बळी. जगातलं सर्वांत देखरेखीखालचं आकाश, सगळी रडारं, सगळी यंत्रं. पण जमिनीपासून हजारेक फुटांच्या आत टीकॅस चढ-उतरच्या आज्ञा देत नाही, कारण तिथे उतर म्हणणं म्हणजे जमिनीवर जा म्हणणं. म्हणजे शेवटच्या मिनिटाला पुन्हा तेच जुनं: बघा आणि चुकवा. हेलिकॉप्टरने जेट दिसत असल्याचं कळवलं होतं.

नदीकाठून लष्करी हेलिकॉप्टरांचा मार्ग होता. त्याची कमाल उंची २०० फूट ठरलेली होती. वरून, तिरप्या धावपट्टीकडे उतरणाऱ्या विमानांची वाट त्यालाच छेदून जात होती. तपास संस्थेने नंतर हिशेब मांडला, तर दोघेही आपापले नियम तंतोतंत पाळत असतील तरी मधलं अंतर ७५ फुटांवर येऊ शकत होतं.  ऑक्टोबर २०२१ ते डिसेंबर २०२४ या काळात हेलिकॉप्टर आणि विमान यांच्यातलं आडवं अंतर दीड हजार फुटांहून कमी आणि उभं अंतर दोनशे फुटांहून कमी झाल्याचे ८५ प्रसंग नोंदींत पडून होते. नोंदी होत्या. त्या कुणी एकत्र मांडून पाहिल्या नव्हत्या.

आणि उंचीचा आकडा? टकरीच्या काही मिनिटं आधी हेलिकॉप्टरमधल्या वैमानिकाने सांगितलं, आपण ३०० फुटांवर आहोत. शेजारी बसलेल्या प्रशिक्षकाने सांगितलं, ४००. एकाच कॉकपिटमध्ये, हातभर अंतरावर बसलेली दोन माणसं, एकाच भाषेत बोलणारी. ध्वनिमुद्रणात त्या दोन आकड्यांतल्या फरकाविषयी त्यांनी एकमेकांशी काही बोलल्याचं ऐकू येत नाही.